बारावीच्या जीवशास्त्रातील अनुवंशिकता आणि रोगप्रतिकार: नेहमीचे गोंधळ सोडवण्याचा क्रम

बारावीच्या जीवशास्त्रात रक्तगट दोनदा येतो. अनुवंशिकतेच्या प्रकरणात तो अलीलांचे उदाहरण म्हणून येतो आणि काही महिन्यांनी रोगप्रतिकाराच्या प्रकरणात प्रतिजन (शरीर ज्याला प्रतिसाद देते तो रेणू) व प्रतिपिंड (त्याला जाऊन चिकटणारे प्रथिन) यांचे उदाहरण म्हणून. दोन्ही ठिकाणी एकाच गोष्टीबद्दल बोलणे चालू आहे, हे अनेकांच्या ध्यानात परीक्षा संपेपर्यंत येत नाही. मराठी माध्यमातून दहावी करून विज्ञान शाखेत गेलेल्यांची अडचण आणखी वाढते, कारण ओळखीच्या संकल्पना अनोळखी नावांनी समोर उभ्या राहतात. मी त्याच वाटेने गेलो आणि आता काही वर्षे तालुक्याच्या गावी बारावीच्या मुलामुलींना हाच भाग शिकवतो. वह्या तपासताना असे दिसते, की चुका पुष्कळ असल्या तरी त्यांची मुळे मोजकी आहेत: अनुवंशिकतेत ‘ही शक्यता कोणत्या गटात मोजायची आहे’ हे न ठरवताच आकडा लिहिला जातो आणि प्रतिकारशास्त्रात ‘हे प्रतिपिंड कोणाच्या शरीराने तयार केले’ असे कोणी विचारत नाही. पुढील पायऱ्या याच दोन प्रश्नांभोवती रचल्या आहेत. त्या क्रमानेच कराव्यात, कारण सहाव्या पायरीपासून पुढे आधीचे सर्व काही गृहीत धरले आहे.

जवळ काय असावे

- मंडळाचे बारावीचे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणार असाल तर एनसीईआरटीचेही.
- एक कोरी वही आणि दोन रंगांची पेने. आईकडून आलेला अलील एका रंगात आणि वडिलांकडून आलेला दुसऱ्या रंगात लिहायची सवय लावली, तर निम्म्या चुका कागदावरच दिसू लागतात.
- मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका.

घरातील माणसांचे रक्तगट सरावासाठी वापरायला हरकत नाही, पण ते ‘जुळत नाहीत’ असे वाटले तर घरात कोणताही निष्कर्ष जाहीर करू नका. जुन्या कार्डावरची नोंद चुकीची असण्याची शक्यता सर्वांत मोठी असते आणि नियमांनाही अपवाद असतात; त्यांपैकी एक सातव्या पायरीत येईल.

१. जनुक, अलील आणि गुणसूत्र यांची पातळी वेगळी ठेवा

जनुक हा डीएनएचा एक खंड असून गुणसूत्रावर त्याची जागा ठरलेली असते. त्या जागी आढळणाऱ्या पर्यायी रूपांपैकी प्रत्येकाला अलील म्हणतात. एबीओ रक्तगटाचे जनुक एकच आहे आणि ते ९ व्या गुणसूत्रावर आहे. शालेय पातळीवर त्याचे ए, बी आणि ओ असे तीन अलील मानतात. तीन अलील लोकसंख्येत असतात. एका माणसाकडे त्यांपैकी दोनच असू शकतात, कारण त्याच्याकडे ९ व्या गुणसूत्राच्या दोनच प्रती असतात. तीन अलीलांपासून जनुकरूपे (अलीलांच्या जोड्या) सहा आणि दृश्यरूपे (दिसणारे रक्तगट) चार कशी होतात, हे एकदा स्वतः मांडून पाहा आणि मगच पुढे जा.

दुसरा गोंधळ गुणसूत्रांच्या मोजणीचा आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. विभाजनापूर्वी डीएनए दुप्पट झाला, तरी गुणसूत्रांची संख्या ४६ च राहते. फक्त प्रत्येकाला दोन क्रोमॅटिड असतात, म्हणजे क्रोमॅटिड ९२ होतात. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यानंतर प्रत्येक पेशीत २३ गुणसूत्रे उरतात आणि प्रत्येकाला अजूनही दोन क्रोमॅटिड असतात. दुसऱ्या टप्प्यानंतर २३ गुणसूत्रे एकेका क्रोमॅटिडची होतात. संख्या निम्मी होते ती पहिल्या टप्प्यात, कारण तेथे समजात गुणसूत्रे (एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली जोडी) एकमेकांपासून दूर जातात. समजात गुणसूत्रांवर जनुके तीच असतात, पण अलील वेगळे असू शकतात. एकाच गुणसूत्राचे दोन क्रोमॅटिड मात्र परस्परांच्या नकला असतात. मेंडेलचा विलगीकरणाचा नियम पेशीत कोठे घडतो, असा प्रश्न आला तर उत्तर येथून निघते.

२. ‘प्रभावी’ याचा अर्थ ‘जास्त आढळणारा’ असा घेऊ नका

हा समज फार चिवट आहे. हाताला सहावे बोट असण्याचा गुणधर्म अनेक कुटुंबांत प्रभावी पद्धतीने उतरतो, तरी सहा बोटांची माणसे विरळाच दिसतात. उलट ओ अलील अप्रभावी असूनही ओ रक्तगटाची माणसे प्रत्येक वर्गात सापडतात. अलील किती लोकांत आहे आणि दोन अलील एकत्र आल्यावर कोणाचा परिणाम दिसतो, या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

प्रभाविता हा अलीलाच्या अंगचा कायमचा गुण नसून आपण काय तपासतो यावर ती अवलंबून असते. वाटाण्याचे बी डोळ्यांनी पाहिले तर गोल हा प्रकार सुरकुतलेल्यावर पूर्ण प्रभावी दिसतो. त्याच बियांतील स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर मिश्र (दोन वेगळे अलील असलेल्या) जनुकरूपाच्या बियांत कणांचा आकार मधला दिसतो, म्हणजे तेथे अपूर्ण प्रभाविता आहे.

सिकलसेल या रक्तविकाराचे उदाहरण आपल्याकडे अधिक जवळचे आहे, कारण गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत हा आजार अनेक कुटुंबांना माहीत आहे. तेथे लोक ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ असे शब्द सहज वापरतात (येथे ए म्हणजे सामान्य हिमोग्लोबिनचा अलील आणि एस म्हणजे सिकलसेलचा). आजार म्हणून पाहिले तर एस अलील अप्रभावी आहे, कारण एएस व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी असते आणि तिला वाहक म्हणतात. हिमोग्लोबिन म्हणून पाहिले तर दोन्ही अलील सहप्रभावी आहेत, कारण वाहकाच्या तांबड्या रक्तपेशींत दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करण्याच्या चाचणीत) दोन वेगळे पट्टे दिसतात. प्रश्नात ‘आजार’ विचारला आहे की ‘हिमोग्लोबिन’, हे वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. या बदलाचा रेणवीय पाया लक्षात ठेवायला सोपा आहे: बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते.

३. शक्यता लिहिण्यापूर्वी गट ठरवा

पनेट चौकटीत (दोन्ही पालकांचे अलील जुळवून पाहण्याच्या तक्त्यात) चार घरे असतात म्हणून चार अपत्यांचे भविष्य त्यात लिहिले आहे, असे अनेकांना वाटते. दोन वाहक पालकांच्या, म्हणजे एएस आणि एएस यांच्या प्रत्येक गर्भधारणेत अपत्य एसएस असण्याची शक्यता १/४ असते. पहिले अपत्य बाधित जन्मले म्हणून पुढची तिन्ही निरोगी होणार, असा त्याचा अर्थ होत नाही. चार अपत्ये असतील तर चौघेही निरोगी असण्याची शक्यता ३/४ चा चौथा घात, म्हणजे ८१/२५६ किंवा सुमारे ३२ टक्के आहे, आणि नेमके तीन निरोगी व एक बाधित असण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी आहे. गुणोत्तर स्पष्ट दिसायला संख्या मोठी लागते. मेंडेलने दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या बिया मोजल्या आणि गुणोत्तर २.९६ : १ आले. तो चार-पाच बियांवर थांबला असता तर नियम सापडला नसता.

आता या पायरीतील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण पाहू. दोन वाहक पालकांचा एक मुलगा एसएस आहे आणि त्याची बहीण निरोगी आहे; ती वाहक असण्याची शक्यता किती? वर्गात बहुतेक हात १/२ ला वर होतात, कारण चौकटीत चारपैकी दोन घरांत एएस लिहिलेले असते. परंतु ती निरोगी आहे, ही माहिती प्रश्नातच दिली आहे. त्यामुळे एसएसचे घर खोडावे लागते. उरलेल्या तीन घरांपैकी दोन एएस आहेत, म्हणून उत्तर २/३ येते. तिचा विवाह एएस व्यक्तीशी झाला, तर त्यांचे अपत्य एसएस असण्याची शक्यता २/३ गुणिले १/४, म्हणजे १/६ होईल. प्रत्यक्ष आयुष्यात ती असे गणित करत बसणार नाही आणि बसूही नये. हिमोग्लोबिनची तपासणी केली की २/३ चे ‘आहे’ किंवा ‘नाही’ होते.

लिंगसंलग्न गुणधर्मांतही, म्हणजे ज्यांची जनुके लिंग गुणसूत्रावर असतात (स्त्रीत दोन एक्स, पुरुषात एक एक्स व एक वाय), हाच सापळा वेगळ्या रूपात असतो. आई रंगांधत्वाची वाहक आणि वडिलांची दृष्टी सामान्य असेल, तर सर्व अपत्यांपैकी रंगांध असण्याची शक्यता १/४, मुलग्यांपैकी १/२ आणि मुलींपैकी शून्य. ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. प्रश्नात ‘अपत्य’ लिहिले आहे की ‘मुलगा’, त्यावर कोणते लिहायचे ते ठरते. तो शब्द अधोरेखित करूनच चौकट काढायला घ्या.

४. वंशवृक्ष वाचताना आधी नाकारा, मग स्वीकारा

वंशवृक्षात चौकोन पुरुषाचा, वर्तुळ स्त्रीचे आणि भरलेले चिन्ह बाधिताचे असते. दोघांना जोडणारी दुहेरी रेघ नात्यातील विवाह दाखवते. आपल्याकडील आतेभाऊ आणि मामेबहीण यांचे लग्न वंशवृक्षात असेच दाखवले जाईल, आणि अप्रभावी आजारांच्या प्रश्नांत ही रेघ उगीच दिलेली नसते.

अनुवंशिकतेचा प्रकार थेट ओळखायला जाऊ नका. दोन्ही पालक निरोगी आणि अपत्य बाधित असेल, तर पूर्ण प्रभावी प्रकार बाद होतो. त्यातही बाधित अपत्य मुलगी असेल आणि वडील निरोगी असतील, तर एक्स-संलग्न अप्रभावी प्रकारही बाद होतो, कारण तिच्या दोन एक्सपैकी एक वडिलांकडून आलेला असतो आणि तो सदोष असता तर वडील स्वतः बाधित असते. वडिलांचा एक्स मुलाकडे जात नाही, एवढे एक वाक्य लक्षात असले तरी हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा एक्स-संलग्न आजार) घेऊन दिलेले ‘वडिलांकडून मुलाला हिमोफिलिया’ यासारखे पर्याय झटकन खोडता येतात.

५. सहलग्न आणि लिंगसंलग्न यांची गल्लत करू नका

दोन जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असली तर ती सहलग्न. एक जनुक लिंग गुणसूत्रावर असले तर ते लिंगसंलग्न. टी. एच. मॉर्गनच्या फळमाश्यांत या दोन्ही गोष्टी एकदम येतात, म्हणून गोंधळ होतो: पिवळे शरीर आणि पांढरे डोळे यांची जनुके एक्सवर आहेत आणि शेजारी आहेत, त्यामुळे पुनःसंयोजन (अलीलांची नवी जुळणी) १.३ टक्के, पांढरे डोळे आणि लहान पंख यांची जनुकेही एक्सवरच, पण दूर, म्हणून ३७.२ टक्के. हा आकडा ५० टक्क्यांच्या पुढे जात नाही. एकाच गुणसूत्रावर असूनही फार दूर असलेली जनुके स्वतंत्रपणे वाटली गेल्यासारखी दिसतात, आणि मेंडेलच्या सात गुणधर्मांपैकी काहींच्या बाबतीत नेमके हेच आहे. सात गुणधर्म सात वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याचे जे सांगितले जाते, ते चूक आहे.

६. रक्तगट: प्रतिजन पेशीवर, प्रतिपिंड प्लाझ्मात

आता दोन्ही प्रकरणे एकत्र येतात. अलील थेट प्रतिजन बनवत नाही. तो एक विकर (एन्झाइम) बनवतो. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर एच नावाचा पायाभूत प्रतिजन असतो. ए अलीलाचे विकर त्यावर एक शर्करा जोडते, बी अलीलाचे विकर दुसरी शर्करा जोडते आणि ओ अलीलाचे विकर निष्क्रिय असल्यामुळे काहीच जोडले जात नाही. ए आणि बी सहप्रभावी का आणि ओ अप्रभावी का, याचे कारण येथे उघड होते. ओ गटाच्या पेशीवर काहीही नसते, हे विधानही यामुळे अपुरे ठरते. तिच्यावर एच असतो.

प्रयोगशाळेतील तपासणी एकदा बारकाईने पाहा. अनामिकेच्या टोकाला लॅन्सेट टोचून काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतात. पहिल्यात निळ्या रंगाचे अँटी-ए, दुसऱ्यात पिवळे अँटी-बी आणि तिसऱ्यात रंगहीन अँटी-डी (म्हणजे ए, बी आणि डी या प्रतिजनांविरुद्धची तयार प्रतिपिंडे) मिसळून वेगवेगळ्या काड्यांनी ढवळतात आणि पट्टी हलकेच तिरकी करत पाहतात. समजा, निळ्या थेंबात तांबडे कण वेगळे होऊन रवाळ दिसू लागले, पिवळा थेंब एकसारखा राहिला आणि तिसराही रवाळ झाला. हा रक्तगट ए पॉझिटिव्ह; पेशीवर डी, म्हणजे आरएच प्रतिजन असला की पॉझिटिव्ह, नसला की निगेटिव्ह. येथे बरेच जण लिहितात की ‘या व्यक्तीकडे अँटी-ए आहे’. अँटी-ए बाटलीतून आले. व्यक्तीच्या पेशीवर ए प्रतिजन आहे आणि तिच्या स्वतःच्या प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) अँटी-बी आहे. ‘प्रतिपिंड कोणाचे’ या प्रश्नाची पहिली परीक्षा काचपट्टीवरच होते.

पेशी रवाळ दिसणे हे रक्त गोठणेही नव्हे. गोठताना फायब्रिनचे धागे तयार होतात. येथे प्रतिपिंडांनी पेशी एकमेकींना जोडल्या जातात, त्याला समूहन म्हणतात. उत्तरपत्रिकेत या दोन क्रियांची अदलाबदल केली तर गुण जातात.

ओ गट सर्वांना रक्त देऊ शकतो असे म्हणतात तेव्हा ते तांबड्या पेशींपुरते खरे आहे, आणि आरएच निगेटिव्ह असेल तरच पूर्णपणे. प्लाझ्मा द्यायचा असेल तर क्रम उलटतो: एबी गटाच्या प्लाझ्मात अँटी-ए आणि अँटी-बी दोन्ही नसल्यामुळे तो सर्वांना चालतो.

७. बॉम्बे रक्तगट सोडून पुढे जाऊ नका

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्मिळ रक्तगटाची नोंद केली, आणि शहराचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. सहाव्या पायरीतील एच प्रतिजन तयार करणारे जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या दोन्ही प्रती निष्क्रिय असतील तर एच बनतच नाही, आणि पायाच नसल्यामुळे ए किंवा बी अलील असूनही त्यांच्या विकरांना शर्करा जोडायला जागा मिळत नाही. अशा व्यक्तीचा रक्तगट नेहमीच्या तपासणीत ओ दिसतो.

तिच्या प्लाझ्मात मात्र अँटी-एच असते, म्हणून तिला ओ गटाचे रक्तही चालत नाही. फक्त बॉम्बे गटाचेच चालते. तिचा प्लाझ्मा ओ गटाच्या पेशींत मिसळला की समूहन होते, आणि रक्तपेढीत फरक त्यावरून कळतो.

अनुवंशिकतेच्या बाजूने पाहिले तर ‘ओ दिसणाऱ्या’ आईला आणि खऱ्या ओ गटाच्या वडिलांना ए गटाचे मूल होणे येथे पूर्णपणे नियमानुसार आहे. आईचा लपलेला ए अलील मुलाकडे गेला आणि वडिलांकडून सक्रिय एच मिळाले, की ए प्रतिजन पुन्हा दिसू लागतो. एका जनुकाने दुसऱ्या जनुकाचा परिणाम झाकणे याला एपिस्टॅसिस म्हणतात; प्रभाविता ही एकाच जनुकाच्या दोन अलीलांमधली बाब असल्यामुळे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. सरावासाठी दोन्ही पालक एबी गटाचे आणि एचसाठी मिश्र घ्या. दोन चौकटी स्वतंत्र सोडवून उत्तरे गुणली, की सोळापैकी ए तीन, एबी सहा, बी तीन आणि ओसारखी दिसणारी चार अपत्ये अपेक्षित आहेत, असे उत्तर मिळते. सोळा घरांची मोठी चौकट काढण्यात वेळ घालवू नका.

८. आरएच: येथे प्रतिपिंडे आपोआप बनत नाहीत

ए गटाच्या माणसात अँटी-बी त्याला कधीही बी गटाचे रक्त न देताच तयार होते, कारण आतड्यातील जिवाणूंवर तशाच शर्करा असतात आणि त्यांच्यामुळे बाळपणीच ही प्रतिपिंडे बनू लागतात. अँटी-डी असे आपोआप बनत नाही. आरएच निगेटिव्ह व्यक्तीच्या रक्तात पॉझिटिव्ह पेशी शिरल्या, तरच ते तयार होऊ शकते.

म्हणूनच निगेटिव्ह आईचे पहिले पॉझिटिव्ह बाळ बहुधा सुखरूप राहते: बाळाच्या पेशी आईच्या रक्तात मुख्यतः प्रसूतीच्या वेळी शिरतात, आणि आईचा प्रतिसाद उभा राहीपर्यंत बाळ जन्मलेले असते. पुढच्या खेपेला स्मृतिपेशी तयार असतात आणि त्यांच्यापासून येणारी आयजी-जी प्रकारची प्रतिपिंडे वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाच्या पेशी नष्ट करतात. एबीओ गट न जुळण्याचा त्रास सहसा एवढा तीव्र नसतो, कारण ए आणि बी गटाच्या मातांची ही प्रतिपिंडे प्रामुख्याने आयजी-एम प्रकारची असतात आणि ती वार ओलांडत नाहीत. ओ गटाच्या मातांत काही आयजी-जी असल्यामुळे बाळाला कावीळ होऊ शकते.

निगेटिव्ह आईला साधारण २८ व्या आठवड्यात आणि पॉझिटिव्ह बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन देतात. ही लस आहे असे उत्तर मी असंख्य वेळा वाचले आहे. लस प्रतिसाद जागा करण्यासाठी देतात. हे इंजेक्शन तो जागा होऊ नये म्हणून देतात. बाहेरून दिलेली तयार प्रतिपिंडे आईच्या रक्तातील बाळाच्या पेशी नाहीशा करतात आणि तिच्या स्वतःच्या बी पेशींना त्या ओळखण्याची संधीच मिळत नाही. तिची प्रतिपिंडे आधीच तयार झाली असतील, तर या इंजेक्शनचा उपयोग होत नाही.

९. सक्रिय की निष्क्रिय: ‘कोणी तयार केले?’ एवढेच विचारा

ज्याच्या शरीराने प्रतिपिंडे बनवली त्याची प्रतिकारक्षमता सक्रिय, ज्याला ती तयार मिळाली त्याची निष्क्रिय. १८९७ मध्ये प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत हे दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरले गेले. १० जानेवारीला वाल्देमार हाफकिन यांनी मारलेल्या जिवाणूंपासून बनवलेली लस स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी अलेक्झांद्र येर्सिन घोड्यांपासून काढलेले प्लेगविरोधी सीरम घेऊन तेथे आले. पहिला मार्ग सक्रिय, दुसरा निष्क्रिय. परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव आहे, ते याच कामामुळे.

सर्पदंशावर दिले जाणारे इंजेक्शनही दुसऱ्या मार्गाचे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष थोड्या थोड्या मात्रेत घोड्याला देतात, आणि त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी करून रुग्णाला देतात. घोड्याची प्रतिकारक्षमता सक्रिय आहे आणि रुग्णाची निष्क्रिय. रुग्णाचे प्राण काही तासांत वाचतात, पण त्या इंजेक्शनमुळे स्मृतिपेशी बनत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा दंश झाला तर पुन्हा इंजेक्शन लागतेच. उलट घोड्याची प्रथिने परकी असल्यामुळे काही रुग्णांत त्यांच्याविरुद्धच प्रतिसाद उभा राहतो.

पिसाळलेल्या कुत्र्याचा खोल चावा असेल तर दोन्ही एकदम देतात: जखमेत तयार प्रतिपिंडे आणि दंडात लस. लशीचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, आणि तेवढा काळ तयार प्रतिपिंडे निभावून नेतात.

बाळाला आईकडून मिळणाऱ्या प्रतिपिंडांना अनेक जण अनुवंशिक म्हणतात. तेथे जनुकाचा संबंध नाही; आईच्या प्लाझ्मातील आयजी-जी वारेतून आणि आयजी-ए चिकाच्या दुधातून आले, आणि काही महिन्यांत संपले. गोवर-रुबेलाच्या लशीची पहिली मात्रा आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण त्याआधी आईची प्रतिपिंडे लशीतील विषाणूला निष्प्रभ करू शकतात. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाची प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी १८ महिन्यांपूर्वी पॉझिटिव्ह आली, तरी बाळ बाधित आहे असे म्हणता येत नाही, तेही याच कारणाने: सापडलेली प्रतिपिंडे आईची असू शकतात.

१०. प्रतिपिंड आधी, प्रतिजन नंतर

जंतू शिरला, शरीराने त्याचे माप घेतले आणि त्या मापाचे प्रतिपिंड शिवले, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात शरीर शिंप्यासारखे वागत नाही. ते तयार कपड्यांच्या प्रचंड दुकानासारखे असते. लाखो प्रकारच्या बी पेशी आपापले वेगळे प्रतिपिंड पृष्ठभागावर घेऊन आधीपासून हजर असतात. ज्या पेशीला प्रतिजन बसतो तीच वाढते, आणि तिच्यापासून प्लाझ्मा पेशी व स्मृतिपेशी तयार होतात. हा कृंतक (एकाच पेशीपासून वाढलेल्या समूहाच्या) निवडीचा सिद्धांत १९५७ मध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांनी मांडला.

माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे वीस हजार असताना प्रतिपिंडे लाखो प्रकारची कशी, याचे उत्तर सुसुमु टोनेगावा यांनी दिले आणि त्यासाठी त्यांना १९८७ चे नोबेल मिळाले: बी पेशी घडताना तिच्या डीएनएचे तुकडे कापून नव्या जुळणीने जोडले जातात. ‘शरीराच्या सर्व पेशींत डीएनए तंतोतंत सारखा असतो’ या विधानाला हा मोठा अपवाद आहे. ही जुळणी कायिक (शरीराच्या) पेशीत होते, युग्मकात (शुक्रपेशी किंवा अंडपेशीत) होत नाही. म्हणून लशीने मिळवलेली प्रतिकारक्षमता पुढच्या पिढीत उतरत नाही.

बी आणि टी पेशींबद्दल थोडक्यात: दोन्ही अस्थिमज्जेत उगम पावतात, टी पेशी थायमसमध्ये परिपक्व होतात, आणि प्रतिपिंडे फक्त बी पेशींच्या वंशातून येतात. क्षयासाठीच्या मांटू चाचणीत हातावर येणारा घट्टपणा ४८ ते ७२ तासांनी पाहतात, कारण तो टी पेशींचा संथ प्रतिसाद आहे. तेथे प्रतिपिंडे लिहिली तर उत्तर चुकते.

११. स्वतःला तपासण्यासाठी तीन प्रश्न

*पहिला.* हिमोफिलिया असलेल्या पुरुषाचा विवाह वाहक नसलेल्या निरोगी स्त्रीशी झाला. त्यांच्या मुलीच्या मुलाला आजार असण्याची शक्यता किती? मुलगी निश्चितच वाहक आहे, कारण वडिलांचा एकमेव एक्स तिच्याकडे आला. ‘मुलाला’ असे विचारले असल्यामुळे, तिचा पती निरोगी असो वा नसो, उत्तर १/२ आहे.

*दुसरा.* नवजात बाळाच्या रक्तात रुबेलाविरोधी आयजी-एम सापडले. यावरून काय कळते? आयजी-एम वार ओलांडत नाही, म्हणजे ते बाळाने स्वतः तयार केले. बाळाला गर्भातच संसर्ग झाला होता. आयजी-जी सापडले असते, तर असे ठामपणे म्हणता आले नसते.

*तिसरा.* ओ निगेटिव्ह स्त्रीचा पती एबी पॉझिटिव्ह आहे आणि पतीची आई निगेटिव्ह होती. पहिले अपत्य ए निगेटिव्ह असण्याची शक्यता किती, आणि तसे झाल्यास प्रसूतीनंतर अँटी-डी लागेल का? पतीला आईकडून निगेटिव्ह अलील मिळालेला असल्यामुळे तो आरएचसाठी मिश्र आहे, म्हणून अपत्य निगेटिव्ह असण्याची शक्यता १/२; एबी पतीकडून ए अलील येण्याची शक्यताही १/२. आरएचचे जनुक १ ल्या गुणसूत्रावर आणि एबीओचे ९ व्या गुणसूत्रावर असल्यामुळे दोन्ही शक्यता गुणता येतात आणि उत्तर १/४ येते. बाळ निगेटिव्ह असेल तर त्याच्या पेशींवर डी प्रतिजनच नसतो, त्यामुळे आईला प्रसूतीनंतरचे अँटी-डी द्यावे लागत नाही.